मशीनवरचा आकडा किती खरा? घरच्या साखरतपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरच्या घरी रक्तातील साखर तपासण्याविषयी वाचकांकडून प्रश्न मागविले होते. आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हापुन्हा वाचावयास मिळाल्या: मशीन (ग्लुकोमीटर) खोटे आकडे दाखविते, आणि त्यात घालावयाच्या तपासणी-पट्ट्यांचा खर्च झेपत नाही. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, असे माझे मत झाले आहे. मशीनला नेमके काय विचारायचे आहे हे न ठरविताच बोट टोचले जाते, आणि मग मिळालेल्या आकड्याचे काय करावे हे कोणालाच कळत नाही. निवडलेल्या पत्रांतील नावे गाळली असून केवळ तालुका व जिल्हा ठेवला आहे. उत्तरांतील साखरेचे सर्व आकडे दर १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅम या मापात आहेत.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत दुपारी बागेतून घरी येऊन साखर तपासली, तर मशीनवर ३४२ आली. घाबरून तालुक्याला गेलो आणि तासाभराने लॅबमध्ये शिरेतले रक्त दिले, तर १६१ आली. दुकानदार म्हणतो, मशीन बदला. मशीन खरोखर बिघडले आहे काय? (एक शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती)

मशीन बदलण्यापूर्वी मला एक सांगा, बोट टोचण्याआधी आपण साबणाने हात धुतले होते काय? आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि मला शंका आहे ती नेमकी तिथेच आहे.

पट्टीला लागणारा रक्ताचा थेंब फारच लहान असतो, साधारण अर्धा ते एक मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. पट्टीवरील विकर (एन्झाइम) रक्तातील ग्लुकोजशी, म्हणजे साखरेशी, क्रिया करते, त्यातून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो मोजून मशीन आकडा दाखविते. ते ग्लुकोज आपल्या रक्तातले की बोटावर वाळलेल्या रसातले, हे पट्टीला कळण्याचा मार्ग नाही. संत्र्याच्या १०० मिलिलिटर रसात निव्वळ ग्लुकोज सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम असते. आता हिशेब करून पाहा. आपल्या रक्तातील साखर १६० आहे आणि त्या थेंबाचा केवळ दहावा हिस्सा रस आहे असे धरले, तर मशीनवर ३४० च्या आसपास आकडा येतो. आपला आकडा ३४२ होता. आपल्या बाबतीत हेच घडले असे मी इतक्या दुरून छातीठोकपणे सांगणार नाही, परंतु मशीनला दोष देण्याआधी हा संशय फेडून घ्यावा. गूळ फोडल्यावर, पिकलेले केळे सोलल्यावर किंवा संक्रांतीला तिळगूळ वळल्यावरही असेच होते.

कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून बोट पुसले की झाले, असा समज आहे. पण स्पिरिटने जंतू मरतात, चिकटलेला गोडवा पूर्ण निघत नाही. साबण आणि पाणी हाच खरा उपाय, आणि त्यानंतर बोट पूर्ण कोरडे करणे तितकेच आवश्यक आहे, कारण ओलाव्याने रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. वावरात पाणी जवळ नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरावा. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचावे, तेथे दुखते कमी. थेंब येत नाही म्हणून बोट गच्च पिळू नये. त्यापेक्षा हात खाली सोडून थोडा झटकावा.

आता लॅबच्या आकड्याविषयी. तो नेहमीच बरोबर आणि मशीनचा नेहमीच चूक, असे समजू नये. आपण मधल्या तासात काहीच खाल्ले नसेल तरी एका तासात साखर बदलते, त्यामुळे हे दोन आकडे मुळातच तुलनेचे नाहीत. शिवाय नळीत काढलेल्या रक्तातील पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. रक्त तसेच पडून राहिले तर साखर दर तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते, उन्हाळ्यात त्याहूनही वेगाने. गावातील संकलन केंद्रावर सकाळी घेतलेले रक्त दुपारच्या गाडीने शहरात जात असेल, तर अहवालातील कमी आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही. साखरेसाठीचे रक्त फ्लोराइड असलेल्या, बहुधा राखाडी झाकणाच्या नळीत घेतले आहे काय आणि ते लवकर तपासले जाणार आहे काय, एवढे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मशीनची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती उपाशीपोटी घ्या. लॅबमध्ये मशीन सोबत न्या, शिरेतले रक्त देताच हात धुऊन बोटाचे रक्त तपासा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर स्वाभाविकच जास्त असते, म्हणून ती वेळ तुलनेसाठी चालत नाही. मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक असे आहे की, १०० किंवा अधिक साखरेला १०० पैकी ९५ वेळा आकडा लॅबच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावा आणि १०० पेक्षा कमी साखरेला तो १५ मिलिग्रॅमच्या आत असावा. लॅबमध्ये १६० असताना मशीनने १४० किंवा १८० दाखविले तर ते बिघडलेले नाही. त्याच बोटाच्या लागोपाठ दोन थेंबांत १४८ आणि १५९ आले म्हणून तिसरी पट्टी खर्च करणारे लोक मी पाहिले आहेत. ती पट्टी वाया गेली असेच म्हणावे लागते.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या घरात फार तापते. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवाव्या काय? (एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

ठेवू नयेत. फ्रिजमधून काढलेल्या पट्टीवर दमट हवेतील पाणी साचते आणि ओल हाच पट्टीचा पहिला शत्रू आहे. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांपर्यंत ठेवण्याची सूचना असते. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात ती पाळणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. तरीही घरातील सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, जमिनीलगत, झाकणाच्या डब्यात पट्ट्यांची मूळ डबी ठेवता येईल. पत्र्याखाली, खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ती मुळीच राहू देऊ नये. पट्ट्या मूळ डबीतून काढून दुसऱ्या डबीत किंवा खिशात ठेवणे टाळावे, कारण मूळ डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो. पट्टी काढताच झाकण घट्ट लावावे. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि उघडल्यानंतर किती महिने चालते ते डबीवरच वाचावे. पावसाळ्यात ही काळजी उन्हाळ्याइतकीच घ्यावी लागते. मशीनलाही उष्णता सोसत नाही. बहुतेक मशीन ४० अंशांच्या पुढे चालत नाहीत किंवा चुकीची खूण दाखवितात. उन्हाळ्यात तपासणी शक्यतो सकाळीच करावी.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची असून गावी एकटी राहते. तिला फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. मी पुण्याहून तिला मशीन पाठविले. ती दिवसातून तीनदा साखर तपासते आणि रोज फोनवर आकडे सांगते. १९० आली की रात्री जेवतच नाही, आणि तरीही सकाळी आकडा वाढलेलाच असतो. महिन्याला नव्वद पट्ट्या लागतात. काय करावे? (एक मुलगा; आई ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

आपला हेतू चांगला आहे, पण हे मशीन आपल्या आईसाठी रोजच्या परीक्षेचा निकाल झाले आहे. १९० ला त्या स्वतःला नापास समजतात आणि शिक्षा म्हणून उपाशी राहतात. हे आधी थांबवा.

केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तीची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता फार कमी असते. इन्सुलिन न घेणाऱ्या मधुमेहींनी रोज साखर तपासल्याने त्यांचे दीर्घकाळचे नियंत्रण फारसे सुधारत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना रोजची, प्रसंगी दिवसातून चार वेळाही तपासणी लागते, आणि त्या खर्चात काटकसर करू नये. आपल्या आईसाठी मात्र दर तीन ते सहा महिन्यांनी लॅबमधील एचबीएवनसी ही तपासणी हा मुख्य आधार. ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

मग मशीन कपाटात ठेवायचे काय? नाही. ते प्रश्न विचारण्यासाठी वापरायचे. आपल्याकडे पक्का समज आहे की ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, आणि भात मात्र विष. डॉक्टरांनी सांगूनही तो जात नाही. सहा पट्ट्यांत मात्र तो तपासून पाहता येतो. एका दिवशी नेहमीच्या दोन भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाजी असे जेवण घ्यावे. जेवणाच्या लगेच आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर तपासावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी भाकरीऐवजी भात घ्यावा. तिसऱ्या दिवशी एकच भाकरी घेऊन भाजी आणि वरण वाढवावे. प्रत्येक वेळी आधीच्या व नंतरच्या आकड्यांतील फरक वहीत लिहावा आणि शेजारी काय खाल्ले, किती खाल्ले, किती चालणे झाले ते लिहावे. दोन-तीन भाकरींनीही साखर चांगलीच वर जाते, हे बहुतेकांना अशाच वेळी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, कोणी तरी आणून दिलेला झाडपाला यांचीही परीक्षा याच रीतीने घेता येते. अट एकच, त्या काळात गोळ्या बंद करायच्या नाहीत.

रात्री उपाशी राहूनही सकाळी आकडा का वाढतो, याचे कारण यकृतात आहे. पहाटे चार ते आठच्या सुमारास शरीर जागे होण्याच्या तयारीत काही संप्रेरके सोडते, त्यांच्या प्रभावाने यकृत आपल्या साठ्यातून साखर रक्तात ओतते, आणि मधुमेहात तिला आवर घालणारे इन्सुलिन अपुरे पडते. हा वाढलेला आकडा आपल्या आईने केलेल्या कुठल्याही चुकीचा नाही. उपाशी राहून तो सुधारणार नाही, अशक्तपणा मात्र वाढेल.

सर्वसाधारण प्रौढ मधुमेहीसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत ही लक्ष्ये मानली जातात. वयस्कर व्यक्तीला इतर आजार असतील तर डॉक्टर ती सैल करतात. उपाशीपोटी ९० ते १५० हे तेव्हा पुरेसे मानले जाते. आईचे लक्ष्य कोणते, ते त्यांच्या डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. अशी सहा पट्ट्यांची तपासणी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. त्याशिवाय ताप आला, गोळ्या बदलल्या, सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड सुरू झाले, खूप तहान व लघवी होऊ लागली, तर तेव्हा तपासावे. आणि फोनवर आधी आईची विचारपूस करावी, आकडे नंतर. हे वैद्यकशास्त्रात बसत नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : मी कापूस वेचायला जाते. साखरेसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. दोनदा सकाळी अकराच्या सुमारास वावरातच दरदरून घाम आला, हातपाय कापले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या बायांनी साखरेचा चहा पाजला, मग बरे वाटले. घरी येऊन तपासले तर १०४. ही तर चांगली साखर आहे, मग त्रास कशाचा? (एक शेतमजूर भगिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

ताई, १०४ हा आकडा चहा प्यायल्यानंतरचा आहे. घाम आला त्या क्षणी साखर बहुधा ७० च्या खाली गेली असणार. ग्लिमेपिराइड ही गोळी आपण जेवलो की नाही हे न पाहता शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. सकाळी गोळी घेऊन, नुसत्या चहावर वावरात जाऊन चार तास वेचणी केली, तर साखर घसरणारच. गोळी आणि न्याहारी यांची सांगड तुटता कामा नये. डॉक्टरांना ही दोन्ही वेळची हकीकत सांगा. कदाचित ते मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलतील. आपण होऊन गोळी बंद करू नका.

आठवडाभर वावरात जाण्याआधी साखर तपासा आणि लिहा. ९० पेक्षा कमी असेल तर काही खाल्ल्याशिवाय कामाला लागू नका. मशीन सोबत नसताना घाम, कंप, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर तपासण्याची वाट पाहू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटे सावलीत बसा, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या. लाडू किंवा दूध त्या वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यांतील साखर उशिरा चढते. बरे वाटल्यानंतर मात्र भाकरी खावी, कारण या गोळीचा प्रभाव दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. लुगड्याच्या ओच्यात साखरेची पुडी ठेवा आणि सोबतच्या बायांना हे सांगून ठेवा. कोणी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

याच पत्राच्या निमित्ताने फवारणी करणाऱ्या मधुमेहींसाठी लिहितो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधा कोणी विसरलेले नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, चक्कर आणि अशक्तपणा येतो, म्हणजे साखर उतरल्यासारखेच दिसते. अशा वेळी तपासणी उपयोगी पडते, पण ती हात साबणाने धुऊनच करावी, आणि आकडा ७० च्या वर असेल तर ‘साखर ठीक आहे’ म्हणून घरी झोपून राहू नये. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत साखर उलट वाढते. फवारणीनंतर मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांना धूसर दिसणे यांपैकी काहीही असेल तर कपडे बदलून, अंग धुऊन, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मला सिकलसेलचा एसएस पॅटर्न आहे. आता मधुमेहही निघाला. लॅबमध्ये एचबीएवनसी ५.४ टक्के आली, म्हणून डॉक्टर म्हणाले नियंत्रण उत्तम आहे. पण घरी मशीनवर जेवणानंतर २१० ते २३० येते. खरे कोणते? (एक वाचक, ता. देवरी, जि. गोंदिया)

या प्रश्नासाठी मी आपला आभारी आहे, कारण गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीत सिकलसेलचे, म्हणजे लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण मोठे आहे आणि हा आजार व मधुमेह एकत्र येण्याविषयी फारसे लिहिले जात नाही.

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावर तेवढ्या काळाची साखर साचते. एसएस पॅटर्नमध्ये, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकलचे जनुक आले असेल तर, पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच फुटते. साखर साचायला वेळच मिळत नाही आणि तपासणी खोटा दिलासा देते. काही यंत्रांत सिकल हिमोग्लोबिनमुळे मोजणीच गडबडते. रक्त चढविले असेल तर आकड्यात दात्याच्या पेशीही मिसळलेल्या असतात. आपल्या बाबतीत ५.४ या आकड्यावर विसंबून औषध ठरविता येणार नाही.

मात्र मशीनचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. रक्तात लाल पेशी फार कमी असतील, तर बोटाच्या थेंबावर मशीन खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखविते. म्हणजे एक तपासणी कमी सांगते आणि दुसरी जास्त. आपल्या मशीनच्या पट्टीच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील लाल पेशींच्या हिश्श्याची, मर्यादा दिलेली असते. आपला हिमॅटोक्रिट तिच्यात बसतो काय हे डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन वेळा उपाशीपोटी शिरेतील रक्त आणि मशीन यांची जोडीने तुलना करा. फरक नेहमी एकाच दिशेचा आणि साधारण सारखाच असेल तर तो धरून मशीन वापरता येते. सरासरीसाठी फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी मोठ्या शहरातील लॅबमध्ये होते. ती लाल पेशींवर अवलंबून नसते आणि मागील दोन-तीन आठवड्यांचे चित्र दाखविते. इतर मधुमेहींना मी पट्ट्या जपून वापरायला सांगतो. आपल्याला मात्र सांगेन की आपली वही हाच आपला मुख्य अहवाल आहे, तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी जेवणाआधी आणि नंतर तपासून ती भरावी.

एएस पॅटर्न असलेल्यांनी, म्हणजे सिकलचे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेल्यांनी, घाबरू नये. त्यांच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात आणि बहुतेक आधुनिक पद्धतींत त्यांची एचबीएवनसी बरोबर येते. लॅबला आपला पॅटर्न आधी सांगावा, एवढेच.

प्रश्न : मी आशा म्हणून काम करते. गावातले लोक एकमेकांचे मशीन वापरतात, सुईसुद्धा धुऊन पुन्हा वापरतात. त्यांना कसे सांगू? (जि. वाशीम)

मशीन एकाचे दुसऱ्याने वापरले तर ते प्रत्येक वेळी निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे पुसून घ्यावे. सुई आणि सुई बसविण्याचा पेन मात्र कधीही दोघांत वाटून वापरू नये. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो आणि धुण्याने त्याची खात्री देता येत नाही. नवऱ्याची सुई बायकोनेही वापरू नये. हे सांगताना ‘सुई म्हणजे दात घासायचा ब्रश’ असे म्हणून पाहा, बहुतेकांना पटते.

तसेच, मशीनवर आकडा जास्त आला म्हणून कोणाला ‘तुम्हाला शुगर आहे’ असे सांगू नका. निदानासाठी शिरेतील रक्त लागते: उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा लक्षणे असताना कोणत्याही वेळी २०० किंवा अधिक, लक्षणे नसतील तर तपासणी दुसऱ्यांदाही करतात. आपल्याला मशीनवर संशयास्पद आकडा दिसला की चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून, तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून उपकेंद्रात जमा करायला सांगा. उकिरड्यावर टाकलेली सुई शेणखतासोबत वावरात जाते आणि पुढच्या हंगामात कोणाच्या तरी तळपायात रुतते.